नकाशात नसलेली वाट

आज दिवसभर शहराच्या पायवाटांच्या आराखड्यासाठी सूचना गोळा करत बसले होते. टेबलभर नकाशा, आवडत्या वाटेला हिरवी टिकली, अडचणीच्या जागी लाल.

सायकलवाले आणि चालणारे यांचं रुंदीवरून वाजलंच. ३ मीटरमध्ये दोघांचं भागतं असं मी म्हटलं, पण गर्दीच्या वेळी नाही भागत, हेही खरंय.

व्हीलचेअरवरच्या काकांचा प्रश्न एकच, "चढ किती?" १२ फुटांना १ फूट हा उतार छोट्या रॅम्पपुरता ठीक; लांब वाटेवर तेवढ्यानेही हात भरून येतात. आराखड्यात चढाचा आकडाच नव्हता. ओशाळले.

मग एक आजी आल्या. नकाशा दोनदा फिरवला, चष्मा पुसला आणि नाल्यामागच्या कोऱ्या जागेवरून बोट ओढलं. "इथून जातो आम्ही सगळे. तुमच्यात दिसत नाही ती." लोकांनी चालून चालून पाडलेली वाट! टिकली लावायला तिथे रेघच नव्हती, पेनाने काढली.

पहाटे कामाला पायी जाणारं मात्र कुणीच फिरकलं नाही. सुट्टीच्या दुपारी कशाला येतील? उद्या साडेपाचला त्या नाल्यापाशीच वही घेऊन उभी राहणार आहे.