जेवणाच्या सुट्टीतला कॉम्प्रेसर
आज कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपचं एनर्जी ऑडिट (वीज कुठे वाया जाते याची तपासणी) होतं. मालकांचा पहिलाच प्रश्न, "साहेब, सगळीकडे एलईडी लावलेत, आता आणखी काय वाचणार?"

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाली, तरी त्यांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर अधूनमधून लोड घेतच होता, म्हणजे हवा कुठेतरी गळत होती. मग साबणाचं पाणी घेऊन पाइपलाइनवर फिरलो. जॉइंट, होज, एअर गन, जिकडेतिकडे बुडबुडे! ७ बार प्रेशरला ३ मिमीचं एक भोक म्हणजे साधारण ३ किलोवॉट हवेत उडतात. (बिलात मात्र बरोबर उतरतात.) प्रेशरही उगाच ८ बारवर ठेवलेलं. ते १ बारने उतरवलं तरी कॉम्प्रेसरची ६-७ टक्के वीज वाचते.

मालक सोलरचं कोटेशन मागवणार होते. म्हटलं, मागवा की, पण आधी टेफ्लॉन टेप आणि चार चांगले क्लॅम्प आणा.