येवल्याचा मित्र आणि अल्बुकर्कीचे बलून

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत राहायला येऊन मला चार वर्षं झाली, आणि दर ऑक्टोबरला मी घरी फोनवर तेच सांगते, अगं आई इथल्या बलून महोत्सवात माणसांना घेऊन उडणारे, गरम हवेचे पाचशेच्या वर बलून एका सकाळी उडतात, आणि आई म्हणते फोटो पाठव. फोटोत ते मावत नाही. म्हणून यावेळी नीट बसून लिहितेय.

यंदा फिनिक्सहून आमचे मित्रमैत्रिणी आले होते, साडेसहा तास गाडी चालवून. त्यातला एक मूळचा येवल्याचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, येवल्यात संक्रांत म्हणजे पतंग आणि पतंग म्हणजे सगळं गाव गच्चीवर, मांजाची आसारी, म्हणजे फिरकी, फिरवत. हा माणूस तिथे लहानाचा मोठा झालाय, आणि आमची सकाळ त्याच्यामुळेच वेगळी झाली.

पहाटे चारला निघालो. इथे ऑक्टोबरात दुपारी ऊन लागतं पण पहाटे हात गारठतात, शहरच पाच हजार फुटांवर आहे ना, त्यामुळे स्वेटर, कानटोप्या, थर्मासमध्ये चहा असा सगळा सरंजाम. बलून जिथून उडतात त्या पार्कात पोचलो तेव्हा अंधारच होता आणि अंधारातच दहाएक बलून वर गेले, त्याला डॉन पेट्रोल म्हणतात. हे आधी जाऊन वर कुठल्या उंचीला कुठला वारा आहे ते बघतात आणि बाकीचे त्यांच्यावरून अंदाज घेतात. बर्नर पेटला की अख्खा बलून आतून उजळतो, विझला की पुन्हा काळोख. आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, ती म्हणाली आकाशकंदीलच की गं.

मग उजाडायला लागलं. इथे सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तुम्हाला दोरीच्या पलीकडून बघावं लागत नाही, बलूनच्या अगदी शेजारी उभं राहता येतं. आमच्यासमोरच्या क्रूने गवतावर कापड पसरलं, दोघांनी त्याचं तोंड फाकवून धरलं आणि मोठा पंखा लावला. आधी गार हवा भरतात. कापड सळसळत फुगत जातं आणि तोंडातून आत बघितलं तर एखाद्या मंडपात बघतोय असं वाटतं, आतून सगळे रंग उन्हात पेटलेले, आणि पार टोकाला एक माणूस दोरी धरून मागे रेललेला, बलून एकदम उसळू नये म्हणून. मग पायलटने बर्नर आडवा धरून जाळ सोडला. त्या आवाजाने छातीत धडधडतं, गालांना ऊब लागते. दोनतीन मिनिटांत ते सगळं धूड उभं राहिलं. काळे पांढरे पट्टे घातलेले लोक फिरत असतात, त्यांना झेब्राच म्हणतात, त्यांनी आजूबाजूला आणि वर बघून शिट्टी मारली, अंगठा दाखवला, आणि बास्केट जमिनीवरून सुटली. काही धक्का नाही, काही नाही. आत्ता समोर होती, आता डोक्यावर. बास्केट अजूनही वेताचीच विणतात, कारण वेत उतरताना वाकतो आणि दणका सोसतो.

१९७२ साली इथल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये १३ बलून जमले होते, तिथून हे सुरू झालं. पण अल्बुकर्कीच का? तर वारा. रिओ ग्रांदे नदीचं खोरं उत्तर दक्षिण, पूर्वेला सांदिया डोंगर. रात्री गार झालेली हवा जड होऊन खोऱ्यातून उताराने दक्षिणेकडे वाहते, आणि त्याच्या वरच्या थरात बऱ्याचदा वारा बरोबर उलटा, दक्षिणेकडून उत्तरेला. बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं. मग तो खालच्या वाऱ्यावर दक्षिणेला जातो, जाळ देऊन वर चढतो आणि वरच्या वाऱ्यावर परत फिरतो. जमलं तर जिथून उडाला तिथेच येऊन उतरतो. याला इथे बॉक्स म्हणतात. ऊन चढलं की हे थर मोडतात म्हणून सगळी घाई सकाळची.

हे मी मित्राला समजवायला सुरुवात केली तर तो आधीच मान वर करून बघत होता. म्हणाला, खालचे बघ तिकडे चाललेत आणि वरचे इकडे येतायत, वर हवा वेगळी आहे. पतंगवाल्याला हे सांगावं लागत नाही. गच्चीवर हवा पडलेली असते, पतंग चारदोन हिसक्यांत वर चढवला की वरची हवा त्याला धरते, आणि ती कधीकधी भलत्याच बाजूला ओढते. मी चार वर्षं बलूनचे रंग बघत होते, वारा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

हिरव्या मिरचीचे बरिटो खाल्ले, ती मिरची इथली आन बान शान, आणि घरी आलो. कॉलनीमागे मोकळं मैदान आहे. गाडी लावतोय तोच कुत्री भुंकायला लागली, म्हणजे वर बर्नर चालू आहे हे आता मला कळतं. एक निळा पिवळा बलून घरांच्या वरून इतका खाली आला की पायलटशी बोलता येत होतं. खालून मागोमाग येणारी त्याच्या क्रूची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. तो वरूनच ओरडला, हात द्याल का?

आम्ही सहाजण धावलो. बास्केट एकदा टेकली, उडाली, पुन्हा टेकली आणि फरफटत दहाबारा फूट गेली. पायलटने लाल दोरी ओढून वरची झडप उघडली, आम्ही बास्केटच्या कडेवर अंगाचा भार टाकला. वारा एवढासा होता तरी ओढ केवढी! नंतर त्याने सांगितलं, आतल्या हवेचंच वजन दोन टनांच्या आसपास असतं, ती एकदा चालायला लागली की पटकन थांबत नाही. मग एकाने टोकाची दोरी धरायची होती. पायलट सांगायला लागला, दोरी हाताला गुंडाळू नका, पाय जमिनीवरून सुटले तर सोडून द्या. येवलेकराने ती आधीच मोकळ्या मुठीत धरली होती, पाय फाकवून, अंग मागे टाकून. कापड हळूहळू लवंडलं, आणि मग सगळ्यांनी त्याला कवेत घेऊन हवा पुढे पुढे ढकलत नेली, गादीची वळकटी करतात तसं. एवढं मोठं धूड एका पिशवीत गेलं आणि शेवटी पिशवीवर सगळ्यांनी बसायचं, हवा निघावी म्हणून. त्या पिशवीवरच बसून पायलटने आम्हाला शॅम्पेन दिली. पूर्वी फ्रान्समध्ये शेतात उतरल्यावर शेतकऱ्याचा राग जावा म्हणून बाटली बरोबर ठेवत, असं सांगतात.

मित्राने तिथूनच येवल्याला वडिलांना फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती. हा भरभरून सांगत होता, दादा असं उतरलं, अशी दोरी धरली, केवढी ओढ होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हवा कुठली होती रे?

खाली उत्तरेची दादा, हा म्हणाला, वर दक्षिणेची.