तळहातावरचा मध

गुरुवार, रात्री

खिचडी वाढता वाढता माई म्हणाल्या, "ती तुझी शर्मिला. शेवटी सोडलंच ना तिनं उपोषण? लग्नही केलं म्हणे."

विषय अर्थात माझ्या शनिवारच्या धरण्याचा होता. आताशा जात नाही, हे सगळ्यांच्या बरोबर लक्षात आलंय. इतकी वर्षं उन्हातान्हात जात होते, ते कुणाला आठवत नाही. गुडघ्यांचं तर कुणी विचारतही नाही. जाऊ दे.

पण 'सोडलं' म्हणताना माईंचा जो सूर होता, तो डोक्यातून जात नाही.

2 नोव्हेंबर 2000, तोही गुरुवारच. मणिपूरच्या इरोम शर्मिलाचा नेहमीचा उपासाचा वार. त्या दिवशी इंफाळजवळच्या मालोमच्या बसथांब्यावर आसाम रायफल्सच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. मग तिनं उपासच धरून ठेवला. मागणी एक, अफ्स्पा, म्हणजे लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा, रद्द करा. सरकारनं कलम 309 लावलं, आत्महत्येचा प्रयत्न. त्याला शिक्षा फार तर वर्षाची, म्हणून वर्ष भरलं की सोडायचं, लगेच पुन्हा अटक करायची, आणि इंफाळच्या इस्पितळात नाकातल्या नळीतून पोटात अन्न ढकलायचं. 2006 मध्ये जंतरमंतरवर बसली, त्या खटल्यातून निर्दोष सुटायला 2016 उजाडलं. मला मरायचं नाही, माझं जगण्यावर प्रेम आहे, हे ती कोर्टात सांगत राहिली. दातसुद्धा कोरड्या कापसानं पुसायची, चुकून थेंबभर पाणी पोटात जाऊ नये म्हणून.

9 ऑगस्ट 2016 ला तिनं उपोषण सोडलं, तो व्हिडिओ आज परत लावला. तळहातावर मध. ती त्याच्याकडे बघत राहते. रडते. आणि मग चाटते.

त्यानंतर तिला राहायला घर मिळेना. परत इस्पितळातच जावं लागलं. पुढच्या वर्षी थौबलमध्ये मुख्यमंत्र्यांविरुद्ध उभी राहिली, मतं पडली 90. मतांचं एक वेळ समजू शकते, निवडणुकीची गणितं वेगळी असतात. पण घर? सोळा वर्षं जिचा फोटो घेऊन फिरलात, ती दोन घास खाणार म्हटल्यावर दार लावून घेता? उपाशी होती तोवर सगळ्यांची होती. ती थांबली तर दगा, आणि आपण काय करत होतो तेवढे दिवस?

आईशी तिचं ठरलं होतं, कायदा जाईपर्यंत भेटायचं नाही. त्यावर मला आज लिहवत नाही.

कायदा पुरता गेलेला नाहीच. 2022 मध्ये मणिपुरातल्या काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून उठला, 2024 मध्ये काही ठिकाणी परत लागला. ती मात्र आता दक्षिणेत असते. 2019 मध्ये जुळ्या मुली झाल्या, एकीच्या नावात तिनं आपल्या आईचं नाव घातलंय. हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. आजही वाटलं. तिनं कुणाला हिशेब द्यायचा नाही. मग मीही का देत बसू?

शनिवारी घरीच थांबेन. सोमवारी माझी कोर्टाची तारीख आहे, तिथं मात्र जायचंय. वकीलबाईंना सांगून ठेवलंय, बसायला जागा बघा म्हणून.