बोवीचं ग्लॅस्टनबरी, सहा बाजू आणि खालचे माग

१२ मार्च

इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'ग्लॅस्टनबरी २०००', म्हणजे ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवातल्या त्याच्या कार्यक्रमाचा अल्बम, अखेर घरात आला. तीन रेकॉर्ड्स, सहा बाजू. सीडीवर हा कार्यक्रम इतक्यांदा ऐकलाय की टाळ्या कुठे चढतात तेसुद्धा पाठ आहे. पण मला तो आपल्या टर्नटेबलवर, आपल्याच खोलीत आणि खाली माग चालू असताना नीट ऐकायचा होता. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते: आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. तळमजल्यावर दिरांचे टॉवेलचे माग, वर आम्ही. माझा मोकळा वेळ दुपारचा, आणि दुपारी माग चालूच असतात.

कसोटीला हाच अल्बम का घेतला, त्याचं कारण त्या रात्रीत आहे. २५ जून २०००, रविवार, इंग्लंडमधल्या पिल्टन गावचं वर्दी फार्म. तिथला नवा पिरॅमिड स्टेज त्याच वर्षी उभा राहिला होता. १९७१ मध्ये बोवी याच शेतावर पहाटे गायला होता, त्यानंतर थेट २९ वर्षांनी महोत्सवाचा मुख्य कलाकार म्हणून आला. मधे १९९० च्या दौऱ्यात त्याने जाहीर करून टाकलं होतं की जुनी लोकप्रिय गाणी आता बाजूला ठेवणार. त्या रात्री मात्र 'चेंजेस', 'स्टारमॅन', 'हिरोज' सगळं घेऊन उभा राहिला. घसा धड नव्हता. आदल्याच आठवड्यात घशामुळे न्यूयॉर्कचा एक कार्यक्रम रद्द करावा लागला होता. टीव्हीवर त्या रात्री थोडीच गाणी दाखवू दिली. पूर्ण कार्यक्रम बाहेर आला तो ३० नोव्हेंबर २०१८ ला, बोवी जाऊन जवळजवळ तीन वर्षं झाल्यावर.

म्हणून माझी कसोटी सरळ आहे. दुखऱ्या घशाचा गायक कुठे जोर लावतो, कुठे आवाज राखून ठेवतो आणि वरचा सूर घेण्याआधी श्वास कसा भरतो, हे ऐकू आलं तर सेटअप जमला. बाकी बास दणदणीत आणि सिंबल चकचकीत काय, कुठलाही स्पीकर करतो.

१५ मार्च

पहिली बाजू लावली. 'वाइल्ड इज द विंड'ने सुरुवात आहे. एवढ्या मोठ्या जमावापुढे इतकं संथ, हळवं गाणं आधी घ्यायला केवढा विश्वास लागतो! पण मला ऐकू आली ती घरघर. गाण्याखाली सतत कोणीतरी जातं फिरवतंय असं वाटत होतं. वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, जाळी काढून पाहिलं तर पडदा डोळ्यांना दिसेल इतका आतबाहेर हलत होता. आमचे माग मिनिटाला साधारण दीडशे फटके घेतात, म्हणजे सेकंदाला अडीच. कानाला एवढं खालचं ऐकू येत नाही, पण सुईला सगळं कळतं आणि ॲम्प्लिफायरची ताकद त्यातच खर्ची पडते.

दुसरी गोष्ट बाजू संपल्यावर दिसली. सुई भिंगाखाली धरली तर टोकावर गुलाबी पुंजका, मोहरीएवढा. खाली त्या आठवड्यात गुलाबी टॉवेल चालू होते. सुताचा तो बारीक कचरा जिन्यावरून वर येतो, आणि मार्चच्या कोरड्या हवेत रेकॉर्डवर जी स्थिर वीज साठते ती त्याला ओढूनच घेते.

२ एप्रिल

कचऱ्याचा बंदोबस्त झाला. आतली कागदी पाकिटं काढून अस्तराची घातली, कारण कागदातून रेकॉर्ड ओढली की पुन्हा वीज धरते. प्रत्येक बाजूआधी कार्बन फायबरचा ब्रश. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, तेही मेडिकलमधलं, बॅटरीच्या दुकानातलं नको. पुसायला मायक्रोफायबर. टॉवेलच्या घरात राहून सांगते, टॉवेलने रेकॉर्ड कधीही पुसू नका. टेरीचे फासे पाणी छान शोषतात, पण तंतू मागे सोडतात.

घरघरीसाठी सायकलच्या ट्यूबवर शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर टर्नटेबल. ट्यूबमध्ये हवा अगदी कमी, फरशी नुसती तरंगेल एवढीच. खटखट गेली! धोट्याचा तो कडक ठोका आता सुईपर्यंत येत नाही. पण पडद्याचं संथ डोलणं तसंच, किंबहुना जरा जास्तच. ट्यूबवरची फरशी स्वतःच सेकंदाला दोन-चार वेळा डोलते आणि मागाची मूळ लय नेमकी तिथेच बसते. झोका देणाऱ्याची आणि झोक्याची लय जुळावी तसं झालं. ज्यांच्या घराखाली माग नाहीत, फक्त रस्ता आहे, त्यांनी ही युक्ती जरूर करावी.

९ मे

महिनाभर कामाला हात लागला नाही. पारा ४३ च्या आसपास. गच्चीलगतच्या खोलीतून सगळ्या रेकॉर्ड्स खाली आतल्या खोलीत हलवल्या आणि उभ्या ठेवल्या. या उन्हात आडवी थप्पी लावली तर वाकायला वेळ लागत नाही.

'गोल्डन इयर्स'चा ठेका मधेच लंगडायला लागला. आधी वाटलं उन्हाने बेल्ट सैल पडला. नवा घातला तरी तेच. मग पुलीवर बोट फिरवलं तर तेलकट. गेल्या वर्षी टर्नटेबल ज्यांच्याकडे दुरुस्तीला दिला होता त्यांनी मोटरला तेल घालताना पुलीपर्यंत सांडलं होतं. तेवढ्या थराने बेल्ट घसरत होता. अल्कोहोलने पुली, बेल्ट आणि प्लॅटरची, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीची, कड पुसली. वेग तपासायचा तर ठिपक्यांची चकती प्लॅटरवर फिरवत निऑनच्या इंडिकेटरखाली धरा, घरातले बरेचसे एलईडी दिवे यासाठी चालत नाहीत. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर निऑन सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसले तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग बरोबर. आमचे थांबले.

१४ जून

मोठा बदल. टर्नटेबल जमिनीवरून काढून मागच्या भिंतीवर फळी ठोकून बसवला. ती जुनी दगडी भिंत, आणि माग समोरच्या बाजूला आहेत. पडद्याचं डोलणं ऐंशी टक्के गेलं, उरलेलं फोनो प्रीॲम्पच्या, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या, फिल्टरने काढलं. तो २० हर्ट्झच्या खालचं कापतो.

काट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, तेही बदललं. आधीचं गोल टोकाचं होतं, साडेतीन ग्रॅम वजन मागायचं. आता ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई, लंबगोल टोक, दोन ग्रॅम. कोन जुळवायला दोन संध्याकाळी गेल्या. केसभर इकडेतिकडे झालं की बाजूच्या शेवटी, लेबलजवळ, 'स'चा 'श' होतो. आता होत नाही.

२५ जून

तारीख मुद्दाम धरली. दिरांना म्हटलं, आज माग थांबवू नका. ते म्हणाले, "वहिनी, दरवेळी तर बंद करा म्हणता की!" मग स्वतःच वर येऊन बसले.

'लाइफ ऑन मार्स?'ला माइक गार्सनचा पियानो. १९७१ च्या मूळ रेकॉर्डवर रिक वेकमनने वाजवलाय, गार्सन त्याला स्वतःचं वळण देतो. आणि वरच्या सुराआधी बोवीचा तो श्वास आला. छोटा, जरासा खरखरीत. सीडीवर तो मला कधीच असा वेगळा कळला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला.

'ऑल द यंग डूड्स'ला लोक गातात तेव्हा पूर्वी समोरचे चार-दोन आवाज तेवढे ऐकू यायचे. आज तो सगळा जमाव मागे लांबवर पसरलेला कळला. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी नंदीध्वज येताना मागच्या गल्लीतून 'हर्र'चा गजर जसा आधी अंगाला जाणवतो आणि मग कानाला, तसं.

'स्टेशन टु स्टेशन'ला गिटारवर अर्ल स्लिक आहे. १९७६ च्या मूळ अल्बमवरही तोच होता. मधली बरीच वर्षं बोवीपासून दूर राहून तो याच सुमाराला परत आला, आणि त्याच्या वाजवण्यात मला ती भूक ऐकू येते. 'अंडर प्रेशर'मध्ये गेल ॲन डॉर्सी बास वाजवता वाजवता फ्रेडी मर्क्युरीचा भाग गाते. बोट आणि गळा एकमेकांना अडवत नाहीत, हे आज स्पष्ट कळलं, कारण बासच्या खाली आता दुसरं काही वाजत नाही.

'हिरोज'पर्यंत घसा थकलेला आहे, तरी तो सूर सोडत नाही. दीर मांडी घालून गप्प बसले होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "याचा घसा बसलाय का हो?" गाणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मी काही सांगितलंही नव्हतं.

पाचव्या बाजूवर एका जागी टिकटिक राहिली आहे. भिंगाखाली चरा दिसत नाही, तेव्हा बहुतेक मळ असावा. रविवारी पुन्हा धुते. खाली आता पिवळं सूत लागलंय.