एका ‘किंवा’ने खाल्लेले सतरा दिवस

आमचं औषध मूळ औषधाशी समतुल्य आहे का, या अभ्यासावर औषध नियामकाच्या पत्रात एकच प्रश्न होता: एकापेक्षा जास्त तुलना केल्यात, मग अल्फा, म्हणजे चुकून पास व्हायची मान्य शक्यता, कमी का केला नाही? उत्तराला सतरा दिवस लागले. त्यातले पंधरा भलत्याच वादात गेले.

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरातून काम करते; कंपनी लांब. रोज संध्याकाळी कॉल आणि साहेबांचं तेच पालुपद, “सीमॅक्स, एयूसी दोन्ही तपासतो ना? बॉन्फेरोनी लावा, विषय मिटवा.” (सीमॅक्स म्हणजे रक्तातली औषधाची कमाल पातळी, एयूसी म्हणजे एकूण किती औषध रक्तात पोचलं; बॉन्फेरोनी म्हणजे जितक्या तुलना, तितक्यांनी अल्फाला भागायचं.) मी रोज सांगायचे, दोन्हींत मूळ औषधाशी असलेल्या गुणोत्तराचा ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) ८०.०० ते १२५.०० टक्क्यांमध्ये बसला तरच बायोइक्विव्हलन्स, म्हणजे औषधं समतुल्य. एक बाहेर गेला की नापास. चुकून पास व्हायची शक्यता यात वाढतच नाही, चाळणी उलट बारीक होते. मग अल्फा कापायचा कशाला? यावर मी सहा पानं लिहिली आणि स्वतःवरच खूश झाले.

जेवताना बाबांना हे ऐकवलं. त्यांची हयात हळदीच्या सौद्यात गेली. म्हणाले, “रंग आणि ओलावा दोन्ही बघून माल घेतला तर फसत नाही. पण दोन नमुने पुढे करून कोणी म्हणालं, ‘यातला कुठलाही पसंत करा’, तर मी जास्त निरखून बघतो.”

माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे एका मूळ औषधासमोर दोन फॉर्म्युलेशन्स, म्हणजे आमच्याच औषधाच्या दोन वेगळ्या घडणी, होती! प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आधी लिहिलेला आराखडा, उघडला: ‘पहिले किंवा दुसरे समतुल्य ठरल्यास’. किंवा! म्हणजे चुकून पास व्हायला दोन संधी. ‘आणि’ असतं तर अल्फाला हात लावायला नको होता. औषध नियमांचा आंतरराष्ट्रीय मेळ घालणाऱ्या आयसीएचच्या २०२४ च्या एम१३ए मार्गदर्शिकेत हाच फरक दिलाय. आणि तो प्रोटोकॉल तपासला होता मीच.

अल्फा निम्मा केला: ०.०५ चा ०.०२५, म्हणजे ९० ऐवजी ९५ टक्के इंटरव्हल. निवडलेल्या फॉर्म्युलेशनच्या सीमॅक्सचं वरचं टोक १२१.६० वरून १२४.७९ वर गेलं. तो आकडा मी तीनदा मोजला.

अल्फा कापायचा की नाही, ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. आमचं निभावलं ते कडक निकषातही पास झालो म्हणून.

उत्तर दीड पानात गेलं. माझ्या सहा पानांतल्या चार ओळी उरल्या. कॉलवर साहेब म्हणाले, “शेवटी बॉन्फेरोनीच लावलंत ना?”

“हो सर,” म्हणाले आणि माइक बंद केला.