तुम्ही विचारलंत म्हणून: जीपीएस असताना ही जुनी यंत्रं कशाला?

लष्करी हवाई तळावरची रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रं सांभाळण्यात माझी नोकरी गेली हे कळलं, की समोरचा हमखास खिशातून मोबाइल काढतो. "आता यात सगळं दिसतं की हो! मग धावपट्टीच्या टोकाला त्या अँटेना अजून कशाला ठेवल्यात?" इतकी वर्षं मी हसून विषय बदलत आलो. तुम्ही मात्र पुन्हा विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचा संदेश इथवर येताना इतका क्षीण होतो की जवळपासचा एखादा लहानसा ट्रान्समीटरही तो बुजवून टाकतो. लढाईत शत्रू हे आधी करणार. बुजवला तर निदान रिसीव्हर ओरडतो. भीती असते ती बनावट संदेशाची. विमान असतं एकीकडे, पडदा दाखवतो दुसरीकडे, आणि दाखवतोही अगदी ठामपणे.

आमची जमिनीवरची यंत्रं अचूकतेत जीपीएसला हरवतील असं नाही. पण त्यांना एक सवय लावलेली असते: शंका आली की गप्प बसायचं. धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझर घ्या. रेषेच्या एका बाजूला ९० हर्ट्‌झचा सूर जास्त, दुसऱ्या बाजूला १५० हर्ट्‌झचा. दोन्ही सारखे झाले की विमान रेषेवर. उताराचा कोन, साधारण ३ अंश, दाखवणारा ग्लाइड पाथही याच युक्तीवर चालतो. या दोघांवर पहारा ठेवायला स्वतंत्र मॉनिटर असतो. संदेश ठरलेल्या मर्यादेबाहेर सरकला की तो काही सेकंदांत ट्रान्समीटर बदलतो, नाहीतर सरळ बंद करतो. कॉकपिटमध्ये लगेच निशाणी पडते आणि वैमानिक त्या सुईवर विसंबत नाही.

दुरुस्तीच्या वेळी आम्ही हेच हाताने करायचो. लोकलायझरसारखं यंत्र मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड टिकटिकीच्या भाषेत, आपली ओळख सांगत असतं. काम सुरू करण्याआधी ती ओळख काढून घ्यायची. सुई हलताना दिसली तरी ओळख ऐकू येत नसेल तर वैमानिकाने ते यंत्र वापरायचं नाही. नवीन पोरांना मी आधी हे शिकवायचो, सर्किट नंतर.

माझा जीव मात्र टॅकॅनवर. लष्करी विमानाला दिशा आणि अंतर दोन्ही एकाच जागेवरून देणारं हे यंत्र. फ्रीक्वेन्सी ९६२ ते १२१३ मेगाहर्ट्‌झ, त्यामुळे अँटेना आटोपशीर. जहाजावर बसतं, ट्रेलरवर टाकून नव्या तळावरही नेता येतं. विमान स्पंदांची जोडी पाठवतं, टॅकॅन ठरावीक ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतं, आणि गेलेल्या वेळावरून विमान अंतर काढतं. एका सागरी मैलाच्या जाण्यायेण्याला जेमतेम १२.३६ मायक्रोसेकंद लागतात. एकाच वेळी अनेक विमानं विचारत असतात, मग आपलं उत्तर कुठलं? प्रत्येक विमान मुद्दाम अनियमित लयीत विचारतं आणि त्या लयीशी जुळणारी उत्तरं तेवढी आपली मानतं. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्यापुढे मी अजूनही हात जोडतो.

बोलण्याचा रेडिओ खरखरतो, त्यावरही लोक हसतात. विमानांचा संवाद अजून एएम या जुन्या प्रक्षेपण पद्धतीवर चालतो: नागरी विमानांचा व्हीएचएफ पट्ट्यात, लष्करी बराचसा त्याहून वरच्या, २२५ ते ४०० मेगाहर्ट्‌झच्या यूएचएफ पट्ट्यात. एफएम कानाला गोड, पण दोघं एकदम बोलले तर ते दुबळ्या आवाजाला गिळून टाकतं. एएमवर शिट्टी वाजते आणि आणखी कुणीतरी बोलतंय हे निदान कळतं. तो कुणीतरी संकटात असलेला वैमानिक असू शकतो.

शंका आली की यंत्राने गप्प बसायचं, याची किंमतही मोजावी लागते. एका पावसाळी रात्री विमान उतरायला येत असतानाच आमचा लोकलायझर बंद पडला. कंट्रोलरने त्या विमानाला प्रिसिजन रडारवर घेतलं. म्हणजे पडद्यावर बघत "किंचित डावीकडे, उतारावर आहात" असं अखंड बोलत राहायचं. वैमानिकाने उत्तर द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. शेवटच्या टप्प्यात पाच सेकंदही शांतता चालत नाही. विमान व्यवस्थित उतरलं.

मी चिखलातून अँटेनापर्यंत गेलो. संदेश ठणठणीत होता. मॉनिटरच्याच कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. एक तरुण अधिकारी वैतागून म्हणाला, "म्हणजे उगाच बंद पडला! मॉनिटर बाजूला ठेवून चालू करा की." मी म्हटलं, "साहेब, ते जमायचं नाही." कनेक्टर बदलला, मापं घेतली, ओळख परत लावली आणि यंत्र चालू झाल्याचं टॉवरला कळवलं. तोवर वैमानिक झोपायला गेला होता.