आमची वाटचाल : सहा दगडांचा कोपरा

स्विमिंग पूलच्या कडेला दगड बसवणारे कोल्हापुरात आता पुष्कळ झालेत. सरळ कड कुणीही बसवतं. कोपरा गोल आला की फोन आमच्याकडे येतो, आणि याचा मला अभिमान आहे.

2004 साली मी आणि आण्णांनी भागीत धंदा सुरू केला. मी फरशीवाला, कडाप्पा-शहाबादीत वाढलेला. आण्णा उद्यमनगरात फौंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे. पहिलं गोल काम पन्हाळ्याच्या रस्त्याला आबा नावाच्या गिऱ्हाइकाच्या फार्महाउसवर मिळालं. मी दगडावर अंदाजानं रेघा मारत बसलो आणि दिवसभरात कोटा फरशीचे चार दगड वाया घालवले. संध्याकाळी आण्णा आले, तुकडे बघितले आणि म्हणाले, "साच्याशिवाय ओतकाम करतोस व्हय रे?" दुसऱ्या दिवशी सकाळी प्लायचा फर्मा, म्हणजे दगडावर रेघ मारायचा साचा, घेऊन हजर.

3 फूट त्रिज्येचा गोल, दगड 1 फूट रुंद. पाव गोलात सहा दगड, प्रत्येकाला 15 अंश. पाण्याकडून साडेनऊ इंच, मागून साडेबारा. फौंड्रीत धातू आकसतो म्हणून आण्णा पॅटर्न थोडा मोठा ठेवायचे. इथं सांध्यासाठी दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी धरले. केंद्राचा खिळा रिकाम्या टाकीत उभ्या केलेल्या फळीवर मारायचा आणि त्याची दोरी शेवटचा दगड बसेपर्यंत सोडायची नाही. सांध्याची प्रत्येक रेघ त्या खिळ्याकडेच बघत असली पाहिजे.

बरेच जण दगड पाचरीसारखे कापतात, पण पाण्याकडची कड सरळच ठेवतात. 3 फुटांच्या गोलात त्यानं प्रत्येक दगडाच्या मध्यावर अडीच सुतांचा फरक पडतो. लांबून दिसत नाही. पोहून आलेलं पोर कडेला हात घालतं तेव्हा त्याच्या तळव्याला प्रत्येक सांधा लागतो. आम्ही आतली कड गोलच कापतो. चार इंची ग्राइंडरनं अर्ध्या-अर्ध्या इंचावर फर्म्याच्या रेघेपर्यंत चिरा पाडायच्या, हेल्परनं बाटलीनं पाणी सोडत राहायचं, मग मधल्या पाकळ्या हातोडीनं हळू पाडायच्या आणि उरलेलं घासून काढायचं. एका दमात गोल कापायला गेलात की ब्लेड अडकतं आणि दगडाचा टवका उडतो.

2011 मध्ये आम्ही जवळजवळ संपलो. एका हॉटेलचा पूल होता, नाव घेत नाही. आमचं तोवरचं सगळ्यात मोठं काम, सगळा कोटा, गोलाई अशी की अंगठा फिरवला तर सांधा कळू नये. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी ठेकेदाराच्या माणसांनी सिमेंटचे डाग काढायला कडेवर ॲसिड ओतलं. कोटा म्हणजे चुनखडी. ॲसिड पडलं की फेस येतो आणि दगडाचा वरचा थर त्या फेसाबरोबर जातो. पॉलिश गेलं, कड खरखरीत झाली, पांढरे चट्टे पडले. ठेकेदार म्हणाला, माल हलका. मी त्याच लॉटचा उरलेला तुकडा आणला, त्यांच्याच बाटलीतलं ॲसिड त्याच्यासमोर ओतलं. दगड फसफसला. तो म्हणाला, "हे मला दाखवू नका." आमचे 81 हजार अडकले.

त्याहून जास्त लागलं ते पुढचं. एका दुसऱ्या फर्मनं गावभर सांगितलं की यांचा दगड विरघळतो. ठरलेली तीन कामं त्यांच्याकडे गेली. त्यातला एक कोपरा मी नंतर पाहिला, सगळे दगड सरळ कडेचे. त्या दिवाळीला पोरांचा पगार द्यायला टेम्पो विकला.

तेव्हा आबा दुकानात आले. चूक कुणाची, हे विचारलंच नाही. "माझ्या पूलला सात वर्षं झाली, एक दगड हलला नाही. मेव्हण्याचं काम आहे, उद्या माप घ्यायला ये." ॲडव्हान्स टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेले. त्या कामानं आम्ही उभे राहिलो. पुढची वर्षं बरी गेली. 2019 च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, प्लायचे सगळे फर्मे फुगून सुटे झाले. माळ्यावर होता म्हणून आबांच्या कामाचा तेवढा वाचला.

नवीन पोरांना सांगतो, काम गोलापासून सुरू करा आणि सरळ कडेकडे या. मापातला फरक सरळीत जिरतो, गोलात नाही. आधी सगळे दगड कोरडे मांडून बघा. उतार पाण्याच्या उलट दिशेला ठेवा, नाहीतर बाहेरची घाण टाकीत येते. कड आणि बाहेरची फरशी यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरू नका, सीलंट भरा. उन्हानं फरशी वाढते आणि कडेचा दगड उचलते. गिऱ्हाईक नव्या राजवाड्यासारखा काळा दगड मागतं. त्याला ॲसिडनं असा फेस येत नाही हे खरं, पण मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा म्हणावं.

मागच्या वर्षी त्याच हॉटेलातून फोन आला. मॅनेजर नवा होता. कड बदलायची आहे, गोल काम तुम्हीच करता असं कळलं, म्हणाला. मी म्हटलं, करतो, आधी 2011 चं बिल. त्यानं कागद पाठवायला सांगितला. आण्णांच्या अक्षरातलं ते बिल मी फोटो काढून पाठवलं. पैसे आलेले नाहीत. फर्मा काढून ठेवलाय.